पुस्तक महोत्सव : गुडघे सांभाळून, पिशवी राखून

प्रश्न : मी शाळेतून निवृत्त झालेली, वय एकसष्ट. डिसेंबरात भाच्याबरोबर पुण्याच्या पुस्तक महोत्सवाला गेले होते. रविवार होता. तीन तास गर्दीत नुसती फिरले, एकही कार्यक्रम धड ऐकला नाही, गुडघे बोलायला लागले. घरी येऊन बघते तर घेतलेल्या नऊ पुस्तकांपैकी सहा मला नकोच होती, त्यातलं एक तर कपाटात आधीपासून होतं. सूनबाई म्हणाली, आई, हे सगळं आता ऑनलाइन असतं, घरी बसून बघा. बघितलं, तर वीस मिनिटांत डोळा लागला. भाचा म्हणतोय, मावशी, पुढच्या वर्षी परत जाऊ. जावं का? आणि घरी बसून यातलं खरंच काही पदरात पडतं का? ता. क. : एका आवडत्या लेखिकेच्या सहीसाठी रांगेत उभी राहिले आणि समोर गेल्यावर तोंडातून शब्दच फुटेना. अशा वेळी काय बोलतात?
– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर :

ताई, जरूर जा. फक्त रविवारी जाऊ नका, आणि ‘सगळं बघून येऊ’ म्हणून जाऊ नका. तुमचं जे झालं ते पहिल्यांदा जाणाऱ्या बहुतेकांचं होतं. त्यात गुडघ्यांचा दोष थोडा आणि बेत न आखण्याचा जास्त.

आधी वाराचं बघू. पुण्याचा महोत्सव राष्ट्रीय पुस्तक न्यास २०२३ पासून भरवतो. डिसेंबरच्या मध्यावर, फर्ग्युसन महाविद्यालयाच्या मैदानावर, शनिवारी सुरू होऊन पुढच्या रविवारी संपणारा असा नऊ दिवसांचा त्याचा बेत राहिला आहे. म्हणजे दोन शनिवार-रविवार त्यातच येतात. त्या चार संध्याकाळी तिथं जाणं म्हणजे दिवाळीच्या आदल्या रविवारी महाद्वार रोडवर शांतपणे साडी निवडायला जाणं. मधल्या दिवसांत जा, त्यातही मंगळवार ते गुरुवार बघा. सकाळी शाळांच्या सहली येतात, तेव्हा बालसाहित्याच्या गल्लीत पाय ठेवायला जागा नसते. दुपारी एक ते चार हा सगळ्यात निवांत वेळ. स्टॉलवरची माणसं तेव्हा जेवून मोकळी बसलेली असतात आणि दोन शब्द बोलतात. हीच माणसं संध्याकाळी सातला फक्त बिलं फाडत असतात.

कोल्हापूरहून सकाळी जाऊन रात्री परत यायचा बेत करू नका. रस्त्यानं अंतर सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर. एसटीनं जाता-येता प्रत्येकी पाच-सहा तास धरले तर दिवस गाडीतच जातो आणि महोत्सवाच्या वाट्याला उरलेसुरले तीन तास येतात. गुडघे तिथं चालून दुखले असं वाटतं, पण आधी पाच तास वाकवून बसल्यामुळंच ते आखडलेले असतात. एक मुक्काम धरा. महालक्ष्मी एक्स्प्रेस पुण्यात पहाटे अवेळी उतरवते, त्यामुळं घ्यायला कुणी येणार असेल तरच ती सोयीची. वंदे भारत रोज नसते. मुक्काम ठरवायच्या आधी तिचे जायचे आणि यायचे वार बघून घ्या, नाहीतर जाणं जमतं आणि येणं अडतं. स्वारगेटला उतरलात तर मेट्रोनं जिल्हा न्यायालय, तिथं गाडी बदलून वनाजच्या बाजूला डेक्कन जिमखाना आणि पुढं रिक्षा. स्थानकांवर लिफ्ट आहे, जिन्याच्या वाटेला जाऊ नका. ती ताकद मैदानासाठी ठेवा.

मैदानावर कुठं काय नडतं ते आधीच माहीत असावं. गल्ल्यांमध्ये कार्पेट अंथरलेलं असतं, पण खालची जमीन उंचसखल असते आणि दोन कार्पेटांच्या जोडावर पाय अडखळतो. चपलेपेक्षा मागून पट्टा असलेली सँडल किंवा बूट बरे. धूळ असते, दम्याचा त्रास असेल तर मास्क ठेवा. स्वच्छतागृह आल्या आल्या शोधून ठेवा, कारण कार्यक्रम सुटला की तिथंही रांग लागते. डिसेंबरात पुण्याला दिवस मावळला की उघड्या मैदानावर थंडी एकदम जाणवते, म्हणून शाल पिशवीत असू द्या. आणि दुपारच्या कार्यक्रमाआधी कटवडा-मिसळीवर ताव मारू नका. खुर्चीत, पंख्याखाली, मंद आवाजात कुणी बोलायला लागलं की काय होतं ते तुम्हाला आम्ही सांगायला नको.

आता कार्यक्रम. दिवसाला दोन, त्याहून जास्त नकोत. एक काही झालं तरी ऐकायचाच, आणि दुसरा जमला तर. दोन्हींमध्ये किमान दीड तास मोकळा ठेवा. पत्रिकेत एकेक कार्यक्रम पाऊण ते एक तासाचा छापलेला असतो, पण प्रत्येक ठिकाणी शेवटचा वक्ता ‘दोनच मिनिटं’ म्हणत दहा घेतो, आणि अशी दहा-दहा मिनिटं साठत संध्याकाळपर्यंत अर्धा-पाऊण तासाचा उशीर होतो. सकाळचा पहिला आणि जेवणानंतरचा पहिला कार्यक्रम त्यातल्या त्यात वेळेवर सुरू होतो, हेही निवडताना लक्षात घ्या. ऐकायचाच असा कार्यक्रम संध्याकाळी सहाचा असेल तर त्याच रात्रीची परतीची गाडी धरू नका.

ज्याचं ऐकायचं त्याचं थोडं तरी वाचून जा. सगळं पुस्तक नको. एक कथा, एक लेख, चार कविता पुरतात. ‘एकही कार्यक्रम धड ऐकला नाही’ असं तुम्ही लिहिलंय, त्याचं एक कारण हेही असणार. मुलाखतीत लेखक आपल्या पात्रांबद्दल, गावाबद्दल, आधीच्या पुस्तकाबद्दल बोलत असतो. ज्यानं काहीच वाचलेलं नसतं त्याच्या कानावरून ते नुसतं वाहून जातं आणि लक्ष शेजारच्याच्या मोबाइलकडे जातं.

जागा धरायला वीस मिनिटं आधी जा. मोठं नाव असेल तर त्याच मांडवात आधीचा कार्यक्रम चालू असतानाच जाऊन बसा. तो संपला की पुढच्या रांगेतले लोक उठतात, तेव्हा पुढं सरका. पहिली रांग पाहुण्यांसाठी राखीव असते, तिथून ऐनवेळी उठवतात. तिसरी किंवा चौथी रांग, गल्लीच्या कडेची खुर्ची ही तुमची जागा. पाय लांब करता येतो, उठून जायचं तर कुणाचे गुडघे ओलांडावे लागत नाहीत. ध्वनिक्षेपकाच्या अगदी पुढ्यात बसू नका. कमी ऐकू येतं म्हणून लोक तिथंच बसतात, पण तिथं आवाज फुटतो आणि शब्द उलट कमी कळतात. त्याच्यापासून चार-पाच खुर्च्या आत आणि वक्त्याचा चेहरा दिसेल अशी जागा धरा. ओठांची हालचाल दिसली की अर्धं ऐकणं सोपं होतं. प्रश्न विचारायचा असेल तर तो आधी कागदावर एका वाक्यात लिहा. शेवटच्या दहा मिनिटांत माइक फिरतो, आणि त्यातली सात मिनिटं ‘मला प्रश्न नाही, थोडं मनोगत मांडायचं आहे’ म्हणणाऱ्यांत जातात. तुम्ही एका वाक्यात विचारलंत तर व्यासपीठावरचे लोक मनोमन तुमचे आभार मानतील.

नको असलेल्या सहा पुस्तकांचं दुखणं बरंचसं घरीच टळतं. निघायच्या आदल्या दिवशी कपाटाच्या प्रत्येक खणाचा फोटो काढा, पुस्तकांचे कणे वाचता येतील इतक्या जवळून. स्टॉलवर शंका आली की फोटो मोठा करून बघायचा. दुहेरी खरेदी तिथंच थांबते. मग हवी असलेली पाच-सहा नावं लेखक आणि प्रकाशकासह कागदावर लिहा. प्रकाशक का, तर प्रदर्शनात पुस्तकं विषयानुसार नाही, प्रकाशकानुसार मांडलेली असतात. नुसत्या नावावरून शोधत फिरलात की तीन तास तिथंच जातात.

पहिली फेरी पर्स बंद ठेवून मारा. आवडलं त्याच्या मुखपृष्ठाचा आणि मागच्या किमतीचा फोटो काढा, स्टॉलचा क्रमांक त्यात येऊ द्या. मग बसा, चहा घ्या, फोटो बघा. निम्मी पुस्तकं तिथंच गळतात. उरलेली शेवटच्या तासात घ्या, म्हणजे ओझं घेऊन कार्यक्रमाला बसावं लागत नाही. डेमी आकाराचं दोनशे पानांचं कागदी बांधणीचं पुस्तक साधारण पाव किलोचं असतं. दहा घेतली की अडीच किलो झाले, आणि पुट्ठा बांधणीची असतील तर आणखी जास्त. एका खांद्यावर एक पिशवी नको. रुंद बंदाच्या दोन कापडी पिशव्या, दोन्ही हातांत सारख्या.

पैसे रोख ठेवा, पाकिटात मोजून. गर्दीत मोबाइलचं नेटवर्क बसतं, पैसे खात्यातून जातात आणि स्टॉलवाल्याकडं पोचल्याचा निरोप येत नाही, मग दोघंही अर्धा तास एकमेकांकडं बघत बसतात. रोख रकमेचा दुसरा फायदा असा की पाकीट संपलं की खरेदी संपते.

सवलतीला भुलू नका. प्रदर्शनात दहा ते वीस टक्के सूट सर्रास मिळते. पण तेवढी सूट कोल्हापुरातला ओळखीचा पुस्तकविक्रेताही देतो, आणि तिथून ते पुस्तक पाच तास मांडीवर घेऊन यावं लागत नाही. जे इथं दुकानात सहज मिळतं ते इथंच घ्या. महोत्सवात वेळ घालवावा तो एरवी दुकानात न दिसणाऱ्या पुस्तकांसाठी : साहित्य अकादमी, राष्ट्रीय पुस्तक न्यास, महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळ, विद्यापीठांची प्रकाशनं, आणि दोन-चारच पुस्तकं काढलेले छोटे प्रकाशक. सरकारी प्रकाशनांच्या किमती पाहून तर छपाईची चूक वाटावी. जाड, पुट्ठा बांधणीचे संदर्भग्रंथ तिथं चहा-नाश्त्याच्या पैशांत मिळून जातात. गर्दी मात्र सगळी समोरच्या चकचकीत स्टॉलवर असते.

पुस्तक हातात घेतल्यावर एक मिनिट द्या. श्रेयनामावलीचं पान उघडून आवृत्ती बघा : ‘दुसरी आवृत्ती’ आणि ‘पुनर्मुद्रण’ यांत फरक असतो, आवृत्तीत सहसा मजकूर सुधारलेला किंवा वाढवलेला असतो. मग पानं भराभर सोडत क्रमांक तपासा. मराठी पुस्तकं सोळा-सोळा पानांच्या फॉर्मांत छापून बांधतात. बांधताना एखादा फॉर्म सुटतो, दोनदा पडतो किंवा उलटा बसतो. त्यामुळं पान ६४ नंतर थेट ८१ येतं, किंवा ६४ नंतर पुन्हा ४९. असा घोळ असेल तर तो फॉर्मच्या सीमेवरच सापडतो, म्हणून ३२-३३, ४८-४९, ६४-६५ अशी पानं बघितली तरी बहुतेक कळतं. घरी आल्यावर लक्षात आलं तर प्रकाशक बदलून देतात, पण बिल लागतं. बिल त्याच पुस्तकात ठेवा. बाहेर फुटपाथवर निम्म्या किमतीत मिळणारं नवं कोरं पुस्तक उघडून पाहा. अक्षरं पुसट, ओळी किंचित तिरक्या, आतला समास इतका अरुंद की शब्द शिवणीत शिरलेले दिसले तर ती चोरटी छपाई. लेखकाला त्यातला एक पैसा मिळत नाही, आणि चार महिन्यांत पानं हातात येतात.

ओझं नकोच असेल तर टपाल आहे. मे २०२५ पासून टपाल खात्यानं पुस्तकांसाठी ‘ज्ञान पोस्ट’ सुरू केलं. तीनशे ग्रॅमपर्यंत वीस रुपये आणि पाच किलोपर्यंत शंभर, अधिक कर, या दरानं ते सुरू झालं. पार्सल कुठं पोचलं ते बघता येतं. ते रस्त्यानं-रेल्वेनं जातं, त्यामुळं घाई नसेल तेव्हाच. पुस्तकं आधी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळा, चारही कोपऱ्यांना पुठ्ठ्याचे तुकडे लावा आणि मग खाकी कागद. कोपरे मोडतात ते पुस्तकं खोक्यात हलल्यामुळं.

पुण्याइतकं लांब जायलाच हवं असंही नाही. दरवर्षी प्रत्येक जिल्ह्यात ग्रंथालय संचालनालयाचा ग्रंथोत्सव होतो, बहुधा दोन दिवसांचा. सकाळी ग्रंथदिंडी, मग उद्घाटन, व्याख्यान, परिसंवाद, कविसंमेलन आणि शेजारी ग्रंथप्रदर्शन. प्रवेश मोफत. तारखा फार आधी जाहीर होत नाहीत आणि जाहिरातही बेताचीच, म्हणून अनेकांना तो होऊन गेल्यावर कळतो. ग्रंथालयांना मात्र पत्र जातं. करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासून उभं आहे. तिथं किंवा तुम्ही सभासद असाल त्या वाचनालयात दिवाळीनंतर ग्रंथपालांना विचारत राहा. पायाला त्रास असणाऱ्यांना आम्ही पहिला सल्ला याच उत्सवाचा देतो. रिक्षानं जायचं, दोन तास बसायचं, घरी येऊन जेवायचं.

अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचा बाज वेगळा. कोल्हापुरात ते १९३२ साली सयाजीराव गायकवाडांच्या आणि १९९२ साली रमेश मंत्रींच्या अध्यक्षतेखाली भरलं. ९८वं २०२५ च्या फेब्रुवारीत दिल्लीला झालं, ९९वं २०२६ च्या जानेवारीत आपल्या शेजारी साताऱ्याला. जवळ आलं की जा, पण उद्घाटनाला जीव टाकू नका. उद्घाटन लांबतं, पुढाऱ्यांची भाषणं होतात, आणि नेमके त्याच वेळी ग्रंथप्रदर्शनाचे गाळे रिकामे असतात. सगळी गर्दी मुख्य मांडवात, आणि तुम्ही निवांत पुस्तकं चाळताय. अध्यक्षांचं भाषण छापील मिळतं, ते घरी वाचा. ऐकायचं असेल तर बाजूच्या छोट्या मांडवातला परिसंवाद आणि कवीकट्टा बघा. कवीकट्ट्यावर शंभरातल्या नव्वद कविता सोसाव्या लागतात, पण उरलेल्या दहांसाठी बसावं. शेवटच्या दिवशी दुपारपासून गाळेवाले खोकी भरायला लागतात. तेव्हा सूट वाढते, पण हवं ते पुस्तक तळाच्या खोक्यात गेलेलं असतं.

गर्दीच नको असेल तर पाचगणी-महाबळेश्वरच्या वाटेवरचं भिलार आहे. मे २०१७ मध्ये ते ‘पुस्तकांचं गाव’ झालं. विषयवार पुस्तकं गावातल्या घरांत ठेवलेली आहेत, तिथं बसून वाचायची. तिथला सौदा विक्रीचा नाही, वाचनाचा. पावसाळ्यात मात्र धुकं आणि ओल इतकी की पुस्तकापेक्षा छत्रीच जास्त वेळ हातात राहते.

आता ऑनलाइन. सूनबाईंचं बरोबर आहे, पण तुम्हाला झोप आली त्यात तुमचीही चूक नाही. सभागृहात टाळ्या होतात, हशा होतो, शेजारचा माणूस हलतो. त्यानं जाग राहते. मोबाइलच्या वीतभर पडद्यावर दोन माणसं खुर्चीत बसून बोलताना दुपारी, जेवण झाल्यावर, आडवं पडून पाहिली तर कुणालाही झोप लागेल. सकाळी किंवा संध्याकाळच्या चहानंतर, खुर्चीत ताठ बसून, हातात वही घेऊन ऐका. बहुतेक कार्यक्रमांना चित्राची गरजच नसते. हेडफोन लावून ऐकत भाजी निवडा, कपड्यांच्या घड्या घाला. हात गुंतले की कान जागे राहतात.

थेट प्रक्षेपणाच्या मागं लागू नका. जयपूरच्या साहित्य महोत्सवाचे कितीतरी कार्यक्रम नंतर यूट्यूबवर राहतात, आणि मराठी व्याख्यानमालांचंही हल्ली तसंच आहे. थेट बघायचं ते प्रश्न विचारायचा असेल तेव्हाच. परदेशातल्या महोत्सवांचं तर घड्याळच नडतं. वेल्समधल्या ‘हे’ नावाच्या गावचा महोत्सव मे अखेर ते जूनच्या सुरुवातीला असतो, एडिंबरोचा ऑगस्टमध्ये. त्या दिवसांत ब्रिटनचं घड्याळ आपल्या साडेचार तास मागं असतं, म्हणून तिथला संध्याकाळी सातचा कार्यक्रम आपल्याकडं रात्री साडेअकराला. हिवाळ्यात तेच अंतर साडेपाच तासांचं होतं. त्यांच्या दुपारी बाराचा कार्यक्रम मात्र आपल्या साडेचारच्या चहाला येतो, असे निवडा. इंग्रजी उच्चार पटकन कळत नसतील तर पडद्याखाली अक्षरं दिसण्याची सोय चालू करा. नावं चुकीची उमटतात, बाकी काम भागतं.

वेगही बदलता येतो. संथ बोलणाऱ्या वक्त्याला सव्वापट वेगानं ऐकलं तरी काही बिघडत नाही, तासाचा कार्यक्रम अठ्ठेचाळीस मिनिटांत होतो. कवितावाचनाला हे कधीही करू नका. तिथल्या थांबण्यातच कविता असते. मोबाइलचा डेटा वापरत असाल तर चित्राचा दर्जा ४८० वर ठेवा, तासाला साधारण अर्धा ते पाऊण जीबी जातो. नुसता आवाज ऐकलात तर पन्नास-साठ एमबीत काम होतं.

झूमवरच्या कार्यक्रमाला दहा मिनिटं आधी शिरा. दुवा ईमेलवर येतो आणि पुष्कळदा स्पॅममध्ये जाऊन पडतो, तो आदल्या दिवशीच शोधून ठेवा. वेबिनार असेल तर तुम्ही कुणाला दिसत नाही, घरच्या गाऊनवर बसलात तरी चालतं. मीटिंग असेल तर दिसता, तेव्हा खिडकी पाठीमागं नको, समोर हवी, नाहीतर चेहऱ्याच्या जागी काळी सावली उमटते. माइक बंद ठेवा. कुकरची शिट्टी आजवर अनेक लेखकांनी ऐकली आहे. प्रश्न पहिल्या वीस मिनिटांतच लिहून टाका. सूत्रसंचालक प्रश्न आधीपासून निवडून ठेवतो, शेवटी आलेले तो वाचतही नाही. नोंदणी आयोजकांच्या संकेतस्थळावरूनच करा. व्हॉट्सॲपवर आलेल्या दुव्यानं ‘नोंदणीचे पैसे परत मिळतील, पिन टाका’ म्हटलं तर तो दुवा तिथंच पुसा. पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही.

पण घरी बसण्याचा खरा फायदा वेगळाच आहे. कार्यक्रम थांबवता येतो. मैदानावर वक्ता काही खटकणारं बोलला तर तुम्ही मनातल्या मनात चरफडता आणि तो पुढं निघून जातो. घरी बटण दाबायचं, वाद घालायचा आणि मग पुढं जायचं. त्यासाठी दुसरं माणूस हवं. तुमची भिशी असेल तर महिन्यातून एकदा चौघी-पाचजणी एका घरी जमा, मोबाइल टीव्हीला जोडून एकच कार्यक्रम लावा. पाऊण तासापेक्षा मोठा नको. कुणी एकीनं आधी बघून थांबायच्या दोन जागा ठरवून ठेवायच्या, शक्यतो जिथं लेखक काही ठाम विधान करतो तिथं. बाकीच्यांनी त्या लेखकाचं काहीतरी, निदान दहा पानं, वाचून यायचं. एकच प्रत असेल तर ती आठवडाभर आळीपाळीनं फिरवायची. पहिल्या खेपेला गप्पा सुनांवर जातील. जाऊ द्या. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला पुस्तकावर येतात. अट एकच : फराळ शेवटी. आधी ठेवलात तर बशांच्या आवाजात पहिली दहा मिनिटं जातात.

त्या सहा पुस्तकांचं काय करायचं ते तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगतो. भिशीत फिरवा. उरतील ती वाचनालयाला द्यायची असतील तर आधी यादी दाखवा. त्यांच्याकडं प्रत असेल तर तुमची नुसती जागा अडवते, आणि ग्रंथपालांना देणगीला नाही म्हणता येत नाही. वर तुमचं नाव लिहिलेलं असेल तर खोडू नका, वाचनालयाला ते चालतं.

आता ताजा कलम. सहीच्या रांगेत लेखिकेला तुमच्याकडून भाषण नको असतं. तिला दिवसातून दोनशे वेळा ‘तुमचं लिखाण फार आवडतं’ ऐकावं लागतं, त्यावर ‘धन्यवाद’शिवाय ती काय बोलणार? एक नेमकी गोष्ट सांगा : अमुक कथेतली ती म्हातारी दार का उघडत नाही, यावर आमच्या घरी भांडण झालं. एवढं पुरतं. बहुतेक वेळा पुढचं तीच बोलते, तुम्ही ऐकायचं. शब्द सुचणार नाहीत अशी भीती असेल तर हेच वाक्य चिठ्ठीवर लिहून पुस्तकात ठेवा आणि चिठ्ठीच द्या. त्यात लाजण्यासारखं काही नाही. त्याच चिठ्ठीवर तुमचं नाव ठळक, सुवाच्य लिहा, म्हणजे गोंगाटात ‘सुलभा’ची ‘सुलोचना’ होत नाही. पुस्तक पुस्तकाच्या नावाच्या पानावर आधीच उघडून, मुखपृष्ठाचा कान तिथं खोवून हातात धरा. पेन तुमचं ठेवा, साधं बॉलपेन. जेलची शाई पान लगेच मिटलं की समोरच्या पानावर उमटते, म्हणून तसं पेन असेल तर पुस्तक मिनिटभर उघडं ठेवून चाला. कागद गुळगुळीत, चकचकीत असेल तर त्यावर बॉलपेन उठतच नाही, तिथं बारीक टोकाचा मार्कर लागतो. फोटो हवा असेल तर मोबाइल भाच्याच्या हातात आधीच द्या, कॅमेरा उघडून. रांगेत मागं उभे असलेले लोक सहीची वाट शांतपणे बघतात, पण कुणी पासवर्ड आठवत बसलं की त्यांचा धीर सुटतो.